एक्केचाळीस-सहाचा हिरवा

“…पण त्याला कळतं कसं?”

इंगोले गुरुजींनी हे दुसऱ्यांदा विचारलं.

पाहुण्याने मांडीवरच्या लॅपटॉपवरून मान वर केली. “कुणाला, सर?”

“तुमच्या या सिग्नलला. पुढे डबा उभा आहे हे त्याला कळतं कसं?”

पाहुणा हसला. “चाळीस वर्षं तुम्ही सिग्नलमध्ये काढलीत. ते मी तुम्हाला सांगायचं?”

“माझ्या सिग्नलचं मला माहीत आहे. तुमच्या सिग्नलचं विचारतोय.”

हे बोलणं झालं ते आश्विन संपता संपता, बुधवारी, दुपारी सव्वातीनच्या सुमारास. जागा गुरुजींची चौकी. पूर्वी ती रेल्वे फाटकाची चौकी होती. लाईन उखडून नेली, चौकी तेवढी उरली, आणि बायको गेल्यावर गुरुजी तिच्यात राहायला आले. समोर रूळ नाहीत. खडीचा लांब पट्टा आहे आणि त्यात तरवड माजला आहे.

गुरुजी आधी सिग्नल इन्स्पेक्टर होते. पुढे सोळा वर्षं त्यांनी शिकाऊ पोरांना सिग्नलचं काम शिकवलं. ती पोरं आता स्वतः साहेब झाली आहेत, तरी अडलं की येतात. ओट्यावर बसतात, विचारतात, जातात. मी पलीकडच्या मळ्यात राहतो. दुपारचा चहा मी नेतो आणि ऐकलेलं घरी जाऊन वहीत उतरवून ठेवतो.

पाहुण्याचं नाव प्रशिक. पुण्याहून आलेला, चाळिशीला टेकलेला. आडनाव त्याने सांगितलं नव्हतं आणि गुरुजींनी विचारलं नव्हतं.

कॉम्प्युटरवर आगगाडी चालवायचे खेळ असतात. पडद्यावर रूळ, सिग्नल, स्टेशनं, आणि खेळणारा स्वतः ड्रायव्हर. अशा एका खेळासाठी प्रशिकने एक खरी लाईन जशीच्या तशी उभी केली होती. आंबेतळ जंक्शनच्या बाहेरची, फक्त मालगाड्यांची तिसरी लाईन. बावीस किलोमीटर. त्याला सहा वर्षं लागली होती.

“अकरा हजार लोक ही लाईन चालवतात, सर. त्यात खरे ड्रायव्हरही आहेत. चूक दाखवा म्हणून मी जाहीर लिहिलंय. अजून कुणाला सापडली नाही.”

“छान.”

“प्रत्येक खांबाची उंची मोजलीय. दिव्यावरच्या टोपीचीसुद्धा. एके ठिकाणी बाभळीची फांदी सिग्नलच्या आड यायची. तीही घातलीय.”

“छान. कळतं कसं?”

प्रशिकने श्वास सोडला. मग लहान मुलाला सांगावं तसं सांगायला लागला.

“गेमने लाईनचे तुकडे पाडलेले असतात. या सिग्नलपासून त्या सिग्नलपर्यंत एक तुकडा. कुठली गाडी कुठल्या तुकड्यात आहे याची यादी गेमकडे असते. सिग्नल ती यादी बघतो. पुढच्या तुकड्यात कुणी असलं तर लाल. पुढचा रिकामा पण त्याच्या पुढचा भरलेला, तर पिवळा. दोन्ही रिकामे, तर हिरवा.”

“यादी कोण लिहितं?”

“गेमच. डबा गेमनेच ठेवलेला असतो ना. त्याला माहीतच असतं.”

“सगळं?”

“सगळं.”

“चुकत नाही?”

“चुकू शकतच नाही, सर.”

गुरुजी थोडा वेळ खडीच्या पट्ट्याकडे बघत राहिले.

“नशीबवान आहे,” ते म्हणाले.

“कोण?”

“तुमचा सिग्नल.”

मी चहाचे कप ठेवले. प्रशिकने साखर आहे का विचारलं. आहे म्हटल्यावर कप बाजूला सारला.

“घ्या हो,” गुरुजी म्हणाले. “इथे येणाऱ्याने निदान चहात तरी चूक काढू नये.”

तो हसला नाही. पण कप उचलला.

“मला तुमच्याकडून एकच हवंय, सर. हे बघा, आणि सिग्नल बरोबर चालतोय असं दोन ओळींत लिहून द्या. तुमच्या सहीने.”

“अकरा हजार लोक म्हणताहेत ना बरोबर?”

“त्यांनी ती लाईन पाहिलेली नाही. तिचे सिग्नल तुमच्याकडे होते. त्या लाईनवर तुमच्याबरोबर काम केलेलं आता कुणी उरलेलं नाही. मी शोधलं.”

“बरं. दाखवा.”

प्रशिकने लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. पडद्यावर इंजिनाची काच होती, काचेपुढे रूळ. दोन्ही बाजूंना ज्वारीची ताटं, लांब एक पाण्याची टाकी. सगळं खरोखरच हुबेहूब असावं, कारण गुरुजी पुढे वाकले आणि टाकीवर बोट ठेवून म्हणाले, “ही पडली.”

“चौदा साली. पण मी तेव्हाची लाईन केलीय.”

“केव्हाची?”

“चोवीस वर्षांपूर्वीची.”

गुरुजींनी टाकीवरचं बोट काढून घेतलं.

गाडी पुढे सरकत होती. रुळाकडेच्या दगडांवर आकडे होते. एक्केचाळीस-चार. एक्केचाळीस-पाच. मग उजवीकडे वळणाआधी एक सिग्नल दिसला. लाल.

“हा एक्केचाळीस-सहाचा. याच्यापुढे वळणापलीकडे चार चाकांचा एक रिकामा डबा उभा आहे. कामाच्या गाडीने मागे सोडलेला. ड्रायव्हरला तो इथून दिसत नाही. त्याला दिसतो फक्त सिग्नल.” प्रशिकचा आवाज सपाट झाला होता, पाठ केलेलं म्हणावं तसा. “मी चारशे बारा वेळा चालवलंय. पावसात, उन्हात, धुक्यात. सूर्य समोर ठेवून, मागे ठेवून. वेगात, हळू. चारशे बारा वेळा लाल.”

“आणि तुम्हाला काय हवं होतं?”

“काही नाही. खरं काय ते.”

“हं.”

गुरुजींनी पडद्यावरची गाडी वळणापलीकडे न्यायला सांगितलं. प्रशिकने नेली. डबा दिसला. तपकिरी, एकटा, दारं उघडी.

गुरुजींनी उघड्या दारावर बोट ठेवलं.

“याच्यात दोन माणसं होती. रूळ दुरुस्त करणारे गँगमन. भाकरी खायला बसले होते.”

प्रशिकचा हात कळफलकावर तसाच थांबला.

“…हो.”

“ती दिसत नाहीत.”

“त्यांचं… ते मॉडेल मी केलं नाही.”

तरवडात कुठेतरी एक होला घुमत होता.

“तुझं आडनाव काय?” गुरुजींनी विचारलं.

तोपर्यंत ते त्याला ‘तुम्ही’ म्हणत होते.

“डोंगरदिवे.”

“शामरावांचा?”

“हो.”

गुरुजींनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरून बसले.

“नऊ वर्षं होते ते घरी,” प्रशिक म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं. “चौकशीत ठरलं की लाल असताना गाडी न थांबवता पुढे नेली. दोन माणसं मेली. नोकरीवरून काढलं. मी तेव्हा दहावीत. बाबा म्हणायचे, हिरवा होता. आधी सगळ्यांना सांगायचे. मग फक्त आम्हाला. मग कुणी विचारलं तरच. शेवटचं वर्षभर तेही नाही.”

“तू विश्वास ठेवलास?”

“सिग्नल खोटं बोलत नाही. असं त्यांनीच मला लहानपणी शिकवलं होतं.”

गुरुजींनी चष्म्याची काडी मिटली.

“दवाखान्यात शेवटच्या दिवशी मी त्यांना म्हटलं, बाबा, आता तरी खरं सांगा.” प्रशिकने लॅपटॉपची कड बोटाने पुसली. तिथे काही नव्हतं. “त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.”

“आणि म्हणून ही लाईन बांधलीस.”

“म्हणजे एकदाचं कळेल. आई एकाहत्तर वर्षांची आहे. दर वर्षी त्या तारखेला फोन करते. निघालं का काही, एवढंच विचारते. ते खोटं बोलले असतील तर तसं सांगतो तिला. पण सिग्नल बरोबर आहे हे कुणीतरी सांगायला हवं. मग आम्ही मोकळे.”

गुरुजी उठले. आत गेले. आतून खडखडाट ऐकू आला.

ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात एक फळी होती. शिकाऊ पोरांसाठी त्यांनी पूर्वी बनवलेली. मी ती पुष्कळदा पाहिली आहे. फळीवर हातभर लांबीचे लोखंडी रुळाचे दोन तुकडे, घासून लखलखीत. एका टोकाला बॅटरी. दुसऱ्या टोकाला काचेच्या पेटीत एक रिले. रिले म्हणजे वायरचं एक वेटोळं आणि त्याच्यावर हलती पट्टी. बाजूला दोन बारके दिवे.

“हे मला येतं, सर,” प्रशिक म्हणाला.

“बघून घे. तुझ्या सिग्नलपेक्षा जरा मूर्ख आहे.”

त्यांनी बॅटरी जोडली. पट्टी वर उचलली गेली. हिरवा दिवा लागला.

“करंट एका रुळातून जातो, रिलेत पोचतो, दुसऱ्या रुळातून परत येतो. करंट आहे तोवर पट्टी वर. पट्टी वर तोवर हिरवा.”

गुरुजींनी खिशातून दोन छोट्या लोखंडी चाकांचा एक आस काढला आणि रुळांवर ठेवला.

टक्.

पट्टी पडली. लाल.

“चाकांमधून करंटला जवळची वाट मिळाली. तो तिकडूनच परत फिरला. रिलेपर्यंत पोचला नाही. पट्टी तिच्या वजनाने पडली.” त्यांनी आस उचलला. हिरवा. मग बॅटरीची रुळाकडे जाणारी वायर काढली.

टक्. लाल.

“आता गाडी आहे?”

“नाही. वायर काढलीत.”

“त्याला कळलं?”

“…नाही.”

“रूळ मोडला तर?”

“लाल.”

“बॅटरी संपली तर?”

“लाल. तेच तर, सर. काहीही बिघडलं की लाल. म्हणून तर भरवसा.”

“म्हणून भरवसा,” गुरुजी म्हणाले. “लाल म्हणजे गाडी आहे असं तो म्हणतच नाही. लाल म्हणजे, मला माहीत नाही. एवढंच येतं त्याला.”

“आणि हिरवा?”

गुरुजींनी फळीवरच्या रुळांचे चिमटे सोडवले. माझ्याकडे वळून म्हणाले, “विहिरीजवळचे आणता का?”

विहिरीच्या कट्ट्याला टेकवून तसेच दोन तुकडे ठेवलेले असतात, आडव्या लाकडी पट्टीवर ठोकलेले. उन्हाळ्यापासून तिथेच होते. पूर्ण पावसाळा त्यांच्यावरून गेला होता. वरचा भाग तांबडा झाला होता, बोट लावलं तर रंग यावा इतका. मी ते लाकडाला धरून आणले. गुरुजींनी मला तसंच आणायला शिकवलं आहे.

त्यांनी कानस घेतली. दोन्ही तुकड्यांच्या टोकांना, जिथे वायरचे चिमटे लावायचे तेवढ्याच जागी, चारचारदा घासली. चिमटे लावले. हिरवा दिवा लागला.

“ठेव,” ते म्हणाले आणि आस प्रशिकच्या हातात दिला.

प्रशिकने तो गंजलेल्या रुळांच्या मधोमध ठेवला.

काहीच झालं नाही.

त्याने आस थोडा सरकवून नीट बसवला. हात काढला. चाकं दोन्ही रुळांवर स्पष्ट टेकलेली होती.

हिरवा.

“वायर सुटलीय,” तो म्हणाला.

“बघ.”

त्याने चिमटे तपासले. बॅटरी तपासली. पुन्हा आसाकडे बघितलं. मग दिव्याकडे. तो इतका जवळ वाकला होता की त्याच्या चष्म्यावर तो हिरवा ठिपका उतरला होता.

“डबा उभा आहे,” तो हळू म्हणाला.

“आहे.”

“आणि हा हिरवा आहे.”

“गंजातून करंट जात नाही. हलका, रिकामा डबा असला तर गंज फुटतही नाही. डबा गंजावर उभा. रुळाला तो लागलेलाच नाही.”

प्रशिक धडपडत उठला. खिशातून मोबाईल काढताना चहाचा कप कलंडला. “थांबा, सर. थांबा. हे पुन्हा करा. मी व्हिडिओ घेतो. हे आईला… हे सगळ्यांना…” त्याने आस उचलला, मोबाईल डाव्या हातात सावरला, आणि आस पुन्हा ठेवायला गेला. घाईत तो रुळांवरून पुढे घरंगळला, परत आला. त्याने पुन्हा दाबून बसवला.

टक्.

लाल.

“नाही, नाही.” त्याने आस उचलला, ठेवला.

टक्.

पुन्हा. टक्. जरा पलीकडे. हिरवा राहिला, त्याने श्वास घेतला, मोबाईलचं बटण दाबेपर्यंत बोटाचा धक्का लागला.

टक्.

“आता होणार नाही,” गुरुजी म्हणाले. “चाकांनी घासला.”

रुळांवर दोन बारीक रेघा चमकत होत्या.

“दुसरे तुकडे असतील.”

“नाहीत. पुढच्या पावसाळ्यानंतर ये.”

प्रशिक खाली बसला. मोबाईल अजून चालूच होता, ओट्याच्या फरशीचा व्हिडिओ घेत.

मी कप उचलून आत ठेवून आलो. परतलो तेव्हा दोघे तसेच होते.

“त्या वर्षी,” गुरुजी म्हणाले, “भराव खचला म्हणून ती लाईन एकोणीस दिवस बंद होती. पाऊस सारखा. रूळ असेच तांबडे झाले होते. पहिली गाडी सोडायच्या आधी रिकामं इंजिन चारदा पुढे-मागे चालवून गंज काढायचा असतो. मी इंजिन मागितलं. मिळालं नाही. मग मी चाचणी घेतली.”

“कशी?”

“जाड वायरने दोन रूळ जोडायचे. डबा उभा आहे असं सोंग करायचं. सिग्नल लाल झाला तर ठीक.”

“झाला?”

“झाला. प्रत्येक ठिकाणी झाला.” गुरुजींनी कानस उचलून मांडीवर ठेवली. “पण वायर लावायच्या आधी जागा घासून घ्यायची असते. नाहीतर चिमटा नीट बसत नाही. मला तसंच शिकवलं होतं. मी पोरांना तसंच शिकवलं. बोटभर जागा घासायची. मग वायर. मग सही.”

प्रशिक कानशीकडे बघत होता.

“डब्याच्या चाकांना कानस कोण मारणार होतं?” गुरुजी म्हणाले.

“…सही तुमची होती.”

“माझी. लाईन सुरू करायला हरकत नाही, असं लिहिलं होतं.”

“आणि अपघातानंतर?”

“दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पोचलो. इकडून तुझ्या वडिलांची गाडी आली होती. डबा हलवायला तिकडून क्रेन आली. दोन्हीकडून रूळ चकचकीत. मी वायर लावली. लाल. चौकशीत विचारलं, सिग्नल तपासलात? म्हटलं, हो. बरोबर होता? म्हटलं, हो.”

“गंजाचं विचारलं नाही?”

“नाही.”

“तुम्ही सांगितलं नाहीत?”

“नाही.”

प्रशिक ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं मला त्या वेळी वाटलं.

“म्हणजे हिरवा होता,” तो म्हणाला.

“असेल.”

“असेल म्हणजे?”

“गंज दर वेळी दगा देतो असं नाही. आता दिला. पाच मिनिटं आधी ठेवला असतास तर कदाचित नसता दिला. त्या दिवशी दिला की नाही, ते फक्त त्या रुळांना माहीत. ते तर घासले गेले.”

“म्हणजे लालही असेल?”

“असेल.”

“तुम्हाला काय वाटतं?”

“मला काय वाटतं याने तुझ्या वडिलांना काय?”

“मला आहे. सांगा.”

गुरुजींनी मान हलवली. “चोवीस वर्षं रोज दोन्ही वाटतं.”

होला थांबला होता. ऊन ओट्याच्या कडेवरून खाली उतरलं होतं.

“नऊ वर्षं,” प्रशिक म्हणाला. “नऊ वर्षं ते खिडकीत बसायचे. शेजारचे त्यांच्याशी बोलायचे नाहीत. ताईचं लग्न मोडलं. तुम्ही एक वाक्य बोलला असतात तर… हिरवा असू शकतो, एवढं एकच वाक्य. तुम्ही मारलंत त्यांना.”

“एकट्याने नाही,” गुरुजी म्हणाले.

प्रशिकने मान खाली घातली.

मी सांडलेला चहा पुसून घेतला.

मग त्याने लॅपटॉप पुन्हा मांडीवर ओढला आणि भराभर काहीतरी लिहायला लागला.

“काय करतोस?”

“गंज घालतो.” त्याचा आवाज बसला होता. “करता येईल, सर. किती दिवस लाईन बंद, किती पाऊस, डब्याचं वजन किती. त्यावरून ठरवायचं, डबा यादीत धरायचा की नाही. तुम्ही आकडे सांगा. दहात किती वेळा दगा देतो? शंभरात?”

“घाल.”

“आकडे?”

“काहीही घाल. तुझ्या गेमला ते माहीत असेल. डबा यादीत नाही, हेही त्याच्या यादीत असेल.”

प्रशिकची बोटं थांबली.

“मग त्याला न कळण्यासारखं कसं करायचं?”

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, दयाही नव्हती.

“ते तुम्ही घरात केलंत. वडील हिरवा म्हणत होते, तुम्ही कळून घेतलं नाहीत,” ते म्हणाले. “नऊ वर्षं.”

…

“आईला काय सांगू?” काही वेळाने त्याने विचारलं. आता तो पुण्याचा वाटत नव्हता. दहावीतला वाटत होता.

गुरुजींनी मांडीवरची कानस खाली ठेवली.

“दोन ओळी लिहून द्या, गुरुजी. सिग्नल बरोबर आहे असं लिहा, नाही असं लिहा. काहीही लिहा. मी तिला वाचून दाखवतो.”

गुरुजींनी हात पुढे केला. मला वाटलं, कागद मागताहेत. त्यांनी फळीवरची बॅटरी काढली.

लाल दिवा विझला, कारण तोही त्याच बॅटरीवर होता.

“माझ्या सहीने एकदा झालंय,” ते म्हणाले.

प्रशिक लॅपटॉप मिटायला लागला.

“मिटू नकोस. ती लाईन लाव.”

त्याने लावली. ज्वारी, टाकी, दगडांवरचे आकडे. गाडी सुरुवातीच्या जागी उभी होती. त्याने सवयीने गाडी सुरू करायच्या कळीवर बोट ठेवलं. ते चारशे तेरावं झालं असतं.

“गाडी नको,” गुरुजी म्हणाले. “डब्यात बसता येतं?”

“डब्यात?”

“आत. ते दोघे बसले होते तिथे.”

“येतं. पण त्यात चालवायला काही नाही, सर.”

“बस.”

प्रशिकने कळ दाबली. पडदा बदलला. आता इंजिनाची काच नव्हती. एक उघडं दार होतं, दाराच्या चौकटीत खडी, थोडं गवत, आणि वळणामागे गेलेले दोन रूळ. काहीच हलत नव्हतं. प्रशिकने ज्वारीला वारा घातला होता, तेवढाच काय तो आवाज येत होता.

“इथून सिग्नल दिसत नाही,” तो म्हणाला.

“नाही दिसत.”

“मग काय बघायचं?”

“काही नाही. बसायचं.”

तो पडद्याकडे बघत राहिला. पुसण्यासारखं नसतानाही त्याने बोटाने पडद्याची कड पुसली. मग वर न बघताच विचारलं,

“किती वेळ?”

गुरुजींनी चष्मा घातला. गंजलेले तुकडे उचलून माझ्याकडे दिले आणि विहिरीकडे हात केला.

“गंज चढेपर्यंत.”